कॅलिब्रेशन उत्तम, तरी शिशाचे आकडे का हलतात? एएएसवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीचा माग

ग्राफाइट फर्नेस एएएसवर, म्हणजे ग्राफाइटच्या छोट्या नळीत (ट्यूबमध्ये) नमुना तापवून त्यातले अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणाऱ्या यंत्रावर, शिसे मोजणाऱ्या माणसाला ही अडचण कधी ना कधी गाठतेच. कॅलिब्रेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या मात्रेच्या द्रावणांवरून (स्टँडर्डवरून) काढलेला, आलेख सरळ, सहसंबंध ०.९९९ च्या वर. दर दहा नमुन्यांनंतर लावलेले तपासणी स्टँडर्ड कधी ९८ टक्के, कधी १०२ टक्के. सगळे कसे छान. पण सोमवारी ज्या नमुन्याच्या द्रावणात ६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर शिसे आले, तोच नमुना गुरुवारी पुन्हा विरघळवून लावला तर १४ येते. स्पाइक, म्हणजे मोजून घेतलेले जादा शिसे, घातला तर रिकव्हरी, म्हणजे त्यातले किती परत मोजले गेले ते प्रमाण, एका बीकरमध्ये ९५ टक्के आणि शेजारच्या बीकरमध्ये ६२.

आमच्याकडे वाळवलेल्या पानांच्या पुडीत शिसे मोजताना हे तीन महिने चालले होते. अर्धा ग्रॅम पूड, हॉटप्लेटवर नायट्रिक आम्लात विरघळवायची, ५० मिलिलिटर करायचे, फर्नेसवर लावायचे. मी लॅम्प बदलला, ग्राफाइट ट्यूब बदलली, ऑटोसॅम्पलरची नळी बदलली. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस आकडे जुळल्यासारखे वाटायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यंत्राला हात लावण्याआधी दोष कुठल्या टप्प्यावर जन्मतो ते शोधायला हवे होते, आणि ते शोधायला एक-दीड दिवस पुरतो. तो वेळ कसा घालवायचा, ते इथे सविस्तर लिहितो. काम शिशाचे असले तरी कॅडमियम, निकेल, क्रोमियम यांनाही हाच क्रम चालतो.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. कॅलिब्रेशनचा आलेख फक्त एवढेच सांगतो की १ टक्का नायट्रिक आम्लातले शुद्ध शिसे तुमचे यंत्र नीट मोजते. नमुन्यातल्या शिशाबद्दल तो काहीच बोलत नाही. स्टँडर्ड हॉटप्लेटवर चढलेले नसते, त्यात कॅल्शियम, क्लोराइड, सिलिका नसते, ते तुमच्या बीकरमध्ये चार तास राहिलेले नसते. आलेख चांगला आणि नमुना वाईट, ही स्थिती खरे तर फार उपयोगी खूण आहे: दोष बहुधा यंत्राच्या अलीकडे आहे.

आकडा चुकला तर काय होते, हे पाण्याच्या बाबतीत लगेच कळते. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. ६ आणि १४ यांच्या मधोमध नेमकी हीच रेघ जाते. एका दिवशी आपण पाणी चालेल म्हणतो, दुसऱ्या दिवशी चालणार नाही म्हणतो, आणि पाणी तेच असते. (हे काम फ्लेमवर, म्हणजे फर्नेसऐवजी ज्योत वापरणाऱ्या एएएसवर, भागवू नका. शिशाची शोधमर्यादाच तिथे साधारण या मूल्याच्या घरात असते, त्यामुळे रीडिंग म्हणून जे दिसते त्यातला बराच भाग नुसता गोंगाट असतो.)

चार द्रावणे

नमुन्याचे साधे द्रावण तर हवेच. त्याच्या जोडीला ही चार करा.

पहिले, कॅलिब्रेशन ब्लँक (ब्लँक म्हणजे नमुना नसलेले कोरे द्रावण): शुद्ध पाणी आणि १ टक्का नायट्रिक आम्ल, हॉटप्लेटचे तोंडही न पाहिलेले.

दुसरे, पद्धतीचा ब्लँक: नमुना सोडून बाकी सगळे. तेच बीकर, तेवढेच आम्ल, तेवढाच वेळ, तोच गाळणकागद, तोच फ्लास्क. हा एक करू नका, निदान पाच करा. का, ते पुढे येईल.

तिसरे, डायजेशननंतरचा, म्हणजे नमुना आम्लात विरघळवून झाल्यावरचा, स्पाइक: तयार झालेल्या नमुना द्रावणाचे १० मिलिलिटर घ्या आणि त्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटर शिशाचे १०० मायक्रोलिटर घाला. १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची भर पडते आणि द्रावण जेमतेम १ टक्का पातळ होते.

चौथे, डायजेशनआधीचा स्पाइक: पूड बीकरमध्ये घेतली की तिच्यावरच त्या स्टँडर्डचे ५०० मायक्रोलिटर सोडा आणि मग आम्ल घाला. शेवटी ५० मिलिलिटरमध्ये हीसुद्धा १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरचीच भर होते.

आता वाचन. पहिलाच ब्लँक वर असेल तर पाणी, आम्ल, ऑटोसॅम्पलरचे कप किंवा ट्यूबमध्ये मागे राहिलेले शिसे. पहिला स्वच्छ आणि दुसरा वर किंवा विस्कळीत असेल तर तयारीत बाहेरून शिसे शिरते आहे. तिसऱ्याची रिकव्हरी चांगली आणि चौथ्याची कमी असेल तर डायजेशनमध्ये शिसे हरवते आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दोन्हींची सारखीच कमी असेल तर नमुन्याचे मॅट्रिक्स, म्हणजे शिसे सोडून त्यातले बाकी सगळे, सिग्नल दाबते आहे.

इथे एक फसवणूक आहे. स्पाइकची रिकव्हरी काढताना आपण साध्या नमुन्याचे रीडिंग वजा करतो. प्रत्येक बीकरमध्ये बाहेरून सारखेच ३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर शिसे शिरत असेल, तर ते दोन्हीकडे असते, वजाबाकीत उडते आणि रिकव्हरी ९८ टक्के दिसते. सगळे निकाल ३ ने जास्त, आणि अहवालात रिकव्हरीचा सुंदर आकडा! स्पाइक उतार तपासतो, ब्लँक पाया तपासतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. दोन दोष एकत्र असतील, म्हणजे आम्लातून शिसे येते आहे आणि मॅट्रिक्स सिग्नल दाबते आहे, तर उत्तर अगदी अपेक्षित जागी येऊन बसू शकते. त्या दिवशी सगळे खूश असतात, म्हणून अशा दिवसाला मी सर्वांत जास्त घाबरतो.

ब्लँक वर येतो किंवा नाचतो

आधी हिशेब करा, कारण संशय नेहमी काचेवर जातो आणि दोषी बऱ्याचदा आम्ल असते. समजा नायट्रिक आम्लात ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर शिसे आहे. एका बीकरला थोडे थोडे करून २५ मिलिलिटर आम्ल लागते. आम्ल उडून जाते, शिसे उडत नाही. म्हणजे बीकरमध्ये ०.१२५ मायक्रोग्रॅम शिसे उरले. ५० मिलिलिटरमध्ये ते २.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर झाले, आणि अर्ध्या ग्रॅम पुडीच्या हिशेबात ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो. पानात मुळात ०.६ असेल तर ही भर प्रचंड आहे. बाटलीवरचे विश्लेषण वाचा, ट्रेस मेटल कामासाठीचे आम्ल वापरा, आणि नवी बाटली उघडली की २५ मिलिलिटर आम्ल बीकरमध्ये जवळजवळ संपेपर्यंत उडवून उरलेले मोजा. हा प्रयोग एका दुपारचा आहे. आणि बीकरगणिक आम्ल अंदाजाने ओतू नका: एका बीकरला २० आणि दुसऱ्याला ३० मिलिलिटर गेले तर ब्लँक वजा करूनही काही जुळणार नाही.

आम्ल निर्दोष निघाले तर मग भांडी. साबणाने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने विसळणे या कामाला पुरत नाही. १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, शुद्ध पाण्याने अनेकदा विसळून, धुळीपासून झाकून वाळवा. पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचे हवे आणि ते ताजे घ्यावे. काल भरून ठेवलेल्या कॅनमधले नको. पातळ द्रावणे काचेत साठवू नका, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीएफए (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) बरे. ज्या बीकरमध्ये कधी जास्त शिशाचा नमुना गेला होता, तो या कामातून कायमचा बाहेर काढा. कितीही धुतला तरी त्याच्यावर विसंबू नये.

शिशापेक्षा जस्ताच्या बाबतीत ही लढाई अवघड असते. रबरी हातमोज्यांमध्ये झिंक ऑक्साइड असते, आणि मोज्याचे बोट बाटलीच्या तोंडाला लागले की ब्लँक उडी मारतो. रंगीत पिपेट टिपमधून कॅडमियम, तांबे, लोह येऊ शकते, म्हणून बिनरंगी टिप घ्या आणि वापरण्याआधी पातळ आम्ल एकदा ओढून फेका. हॉटप्लेटच्या वरची गंजलेली हूड बारकाईने पाहा. वाफ तिथे जमते आणि थेंब खाली बीकरमध्ये पडतो. वॉच ग्लास ठेवण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता पाच ब्लँकचे कारण. ब्लँकची सरासरी २ असेल आणि पाचही १.८ ते २.२ असतील तर ते वजा करता येते. आवडणारी स्थिती नाही, पण चालते. पण पाच ब्लँक ०.३, ०.४, ०.३, ५.१, ०.४ असे असतील तर सरासरी १.३ काढून वजा करणे ही चूक आहे. तिथे चार बीकर स्वच्छ आहेत आणि एकात काहीतरी पडले आहे. नमुन्यांच्या पाचांपैकी एका बीकरमध्येही तसेच काही पडले असणार, आणि ते कुठल्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अशी बॅच फेकून द्यावी. शोधमर्यादा ब्लँकच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट धरतात, त्यामुळे ब्लँक शांत झाला की त्याच जुन्या यंत्रावर मर्यादा आपोआप खाली येते.

शिसे हरवते

चौथे द्रावण कमी येते तेव्हा पहिला प्रश्न विचारा: बीकर कधी कोरडा पडला होता का? कोरडा पडलेला थर करपतो, शिसे काचेला आणि सिलिकाला धरून बसते, आणि नंतर घातलेले १ टक्का आम्ल ते सोडवत नाही. भट्टीत राख करून विरघळवण्याची पद्धत असेल तर तापमान पाहा. क्लोराइड असलेल्या नमुन्यात शिसे आणि कॅडमियम राखेच्या तापमानाला उडून जाऊ शकतात, ४५० °से. च्या वर मी तरी जात नाही. आम्लमिश्रणात सल्फ्युरिक असेल तर शिशाचे सल्फेट तळाशी बसते आणि गाळणकागदावर राहते. बंद भांड्यातल्या मायक्रोवेव्ह डायजेशनने यातल्या बहुतेक कटकटी टळतात, म्हणून सोय असेल तर तेच करा.

पाण्याच्या नमुन्यात शिसे बाटलीतच हरवते. आम्ल न घालता ठेवलेल्या नमुन्यातले शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते. नमुना घेतानाच पीएच २ च्या खाली आणा. आम्ल राहून गेले असेल तर दुसऱ्या बाटलीत ओतू नका. त्याच बाटलीत घाला, हलवा आणि किमान १६ तास तशीच ठेवून मग मोजा. विरघळलेले शिसे वेगळे हवे असेल तर ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून आधी गाळायचे आणि नंतर आम्ल घालायचे. हा क्रम उलटला तर गाळातले शिसेही द्रावणात येते.

स्पाइकवर इथे एक मर्यादा आहे. आपण घातलेले शिसे आधीच विरघळलेले असते. मातीच्या कणात किंवा पानाच्या सिलिकात अडकलेले शिसे सुटले की नाही, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी प्रमाणित संदर्भ पदार्थच, म्हणजे ज्यातले शिसे आधीच खात्रीने मोजलेले आहे असा पदार्थ, लागतो, आणि तोही आपल्या नमुन्यासारखा: पानांसाठी पानांचा, मातीसाठी मातीचा. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेचे पीच आणि सफरचंदाच्या पानांचे संदर्भ पदार्थ याच कामासाठी आहेत. दर बॅचला परवडत नसेल तर महिन्यातून एकदा तरी लावा.

मॅट्रिक्स सिग्नल दाबते

तिसरे आणि चौथे दोन्ही कमी आले की सर्वांत स्वस्त चाचणी विरलीकरणाची. नमुना द्रावण पाचपट पातळ करा, मोजा, पाचाने गुणा. आधीच्या उत्तराशी १० टक्क्यांच्या आत जुळले तर मॅट्रिक्सचा त्रास फारसा नाही. पातळ केल्यावर उत्तर वाढत गेले तर दाब आहे. पातळ करूनही रीडिंग शोधमर्यादेच्या बऱ्याच वर राहत असेल तर उपाय तुमच्या हातातच आहे: पातळ करूनच मोजा.

ते शक्य नसेल तर फर्नेसचा प्रोग्रॅम पाहावा लागतो. क्लोराइड हा शिशाचा मोठा शत्रू. मॉडिफायर, म्हणजे शिसे लवकर उडू न देणारे रसायन, नसताना शिसे ५००–६०० °से. च्या आसपास, म्हणजे राख करण्याच्या टप्प्यातच, निसटू लागते आणि अणुकरणाच्या, म्हणजे शिशाचे मोकळे अणू करण्याच्या, वेळी मोजायला उरत नाही. ५० मायक्रोग्रॅम अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ३ मायक्रोग्रॅम मॅग्नेशियम नायट्रेट हे शिशासाठीचे रुळलेले मिश्रण आहे. त्याने शिसे ८०० °से. च्या वरही ट्यूबमध्ये टिकते आणि तेवढ्यात क्षार, सेंद्रिय भाग निघून जातो. पॅलेडियम आणि मॅग्नेशियम नायट्रेटही चालते. मॉडिफायरमध्येच शिसे असू शकते, म्हणून नुसता मॉडिफायर टाकून एक रीडिंग अवश्य घ्या.

राखेच्या तापमानाचा आलेख बहुतेक जण स्टँडर्डवर काढतात. तो नमुन्यावर काढा. ५०० पासून ५०–१०० अंशांनी वर जात प्रत्येक तापमानाला त्याच नमुन्याचे रीडिंग घ्या. शिशाचा सिग्नल जिथे घसरू लागतो त्याच्या जरा आधी थांबा आणि त्याच वेळी पार्श्वभूमीचा, म्हणजे शिशाखेरीज इतर गोष्टींनी प्रकाश अडवल्याचा, सिग्नल किती उरला ते पाहा. आमच्या यंत्रावर स्टँडर्डसाठी ९०० ला सिग्नल टिकत होता आणि पानांच्या द्रावणात ८०० लाच घसरू लागला. पुस्तिकेतला आकडा आम्ही इतके दिवस जसाच्या तसा वापरत होतो.

शिखराची उंची मोजता की क्षेत्रफळ? प्लॅटफॉर्म असलेल्या ट्यूबमध्ये क्षेत्रफळच घ्या. बोरिस ल्वोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्राफाइट भट्टीची वाट दाखवली आणि प्लॅटफॉर्मची कल्पनाही त्यांचीच. नमुना ट्यूबच्या भिंतीवर न ठेवता आतल्या छोट्या पट्टीवर ठेवला की तो थोडा उशिरा तापतो, आणि तोवर आतला वायू स्थिर, उष्ण झालेला असतो. मॅट्रिक्समुळे शिखर पुढे-मागे सरकते, रुंद होते, उंची बदलते. क्षेत्रफळ त्या मानाने टिकते. म्हणून पडद्यावरचा आकडा वाचण्याआधी शिखराकडे पाहण्याची सवय लावून घ्या. दोन शिखरे, शेपूट, शून्याखाली गेलेली रेघ, हे सगळे आकड्यात दिसत नाही.

शून्याखाली जाणारी रेघ पार्श्वभूमी सुधारणेकडे बोट दाखवते. ड्युटेरियम लॅम्प स्लिटच्या पूर्ण रुंदीवरची सरासरी पार्श्वभूमी वजा करतो. पार्श्वभूमीत बारीक चढउतार असतील तर वजाबाकी जास्त किंवा कमी होते. झीमन पद्धत चुंबकीय क्षेत्र वापरून पार्श्वभूमी शिशाच्या रेषेच्या जागीच मोजते, म्हणून अशा नमुन्यांना ती बरी. झीमन नसेल तर पार्श्वभूमी कमी करण्यावर मेहनत घ्यावी लागते. २१७.० नॅनोमीटरची रेषा जास्त संवेदनशील असली तरी तिथे गोंगाट आणि पार्श्वभूमी दोन्ही जास्त, २८३.३ वर काम शांतपणे होते.

सगळे करून दाब उरलाच तर प्रमाणित भर पद्धत, म्हणजे त्याच नमुन्यात वाढत्या मात्रेने शिसे घालून मागे रेघ ओढणे. ती उताराचा दोष सुधारते. ब्लँकमधून आलेले शिसे किंवा चुकलेली पार्श्वभूमी ती सुधारत नाही. घाणेरड्या ब्लँकवर हा उपाय म्हणून वापरलेला मी पाहिला आहे, आणि मग चुकीचे उत्तर उलट अधिक खात्रीने दिले जाते.

आणि यंत्रच दोषी असेल तर

तेव्हा तपासणी स्टँडर्डही हलते, त्यामुळे ओळखणे सोपे. फर्नेसवर पिपेटची नळी ट्यूबमध्ये किती खोल जाते ते आरशात किंवा कॅमेऱ्यात पाहा. थेंब नळीला चिकटून परत वर येत असेल तर पुनरावृत्ती कधीच जमणार नाही. लॅम्प निदान १५–२० मिनिटे तापू द्या. ट्यूब किती वेळा पेटली ती संख्या लिहा, आणि ट्यूबला धरणारे ग्राफाइटचे संपर्क भाग पुसून, त्यांची झीज पाहून घ्या. नवी ट्यूब जुन्या झिजलेल्या संपर्कात बसवून काही उपयोग होत नाही. ०.००४४ अ‍ॅबसॉर्बन्स-सेकंद देणारे शिशाचे वस्तुमान रोज काढून वहीत ठेवा. पुस्तिकेतल्या मूल्यापासून ते २० टक्क्यांहून दूर गेले तरच यंत्राकडे वळा.

फ्लेमवर काम करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन मिनिटाला किती द्रावण ओढले जाते ते मोजा. साधारण ४–६ मिलिलिटर हवे. केशनळी अर्धी तुंबली की सकाळचे रीडिंग दुपारपर्यंत घसरत जाते. आणि अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरचा दाब सुमारे ५ बारच्या खाली जाऊ देऊ नका, त्यातले अ‍ॅसिटोन वायूबरोबर येऊ लागते आणि ज्योत डगमगते. अ‍ॅसिटिलीनला तांब्याची नळी कधीही, तात्पुरतीसुद्धा, जोडू नका. त्यातून स्फोटक अ‍ॅसिटिलाइड तयार होते.

आमच्या तीन महिन्यांचे उत्तर या चार द्रावणांनी दीड दिवसात दिले. पद्धतीचे ब्लँक पाचही २.३ ते २.७ मध्ये आले, म्हणजे दोष आम्लाच्या बाटलीत होता. तिसरे द्रावण ९६ टक्के आणि चौथे ५८ ते ९४ टक्के. इतका फरक का, म्हणून बीकर हॉटप्लेटवर कुठे ठेवला होता ते लिहायला सुरुवात केली. कमी रिकव्हरीचे सगळे बीकर मधल्या ओळीतले निघाले. तिथे प्लेट जास्त तापत होती आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेत ते कोरडे पडत होते. राखेच्या तापमानाचा दोष यात मिसळलेला नव्हता असे नाही, पण तो किरकोळ होता. आम्ही ७५० वर आलो आणि तो मिटला. आम्ल बदलले, बीकरखाली अ‍ॅल्युमिनियमचा जाड ठोकळा ठेवला, द्रावण ५ मिलिलिटरच्या खाली जाऊ द्यायचे नाही असे ठरवले. आता बॅचच्या नोंदवहीत प्रत्येक बीकरसमोर त्याची प्लेटवरची जागा लिहिलेली असते, आणि आम्लाच्या बाटलीचा लॉट क्रमांकही.